काट्याची पावती आणि दिल्लीचा हिशोब



आपल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांना पुढचा प्रसंग नव्याने सांगायला नको. अध्यक्षांचे भाषण होते, मागील सभेचे इतिवृत्त 'वाचले असे समजून' कायम होते आणि आता सभा आटोपणार असे वाटत असतानाच मागच्या रांगेतून एक पांढरी टोपी उभी राहते. "ताळेबंदात किरकोळ खर्च म्हणून जी रक्कम दाखवली आहे, ती किरकोळ म्हणजे नेमकी कशाची, तेवढं सांगा." झाले! इथून पुढे पाऊण तास. अकाउंट विभागाची मंडळी फायली उलटतात, व्यासपीठावर पाण्याचे ग्लास फिरतात आणि चहाच्या पावडरीपासून पाहुण्यांच्या नारळापर्यंत सगळा हिशोब निघतो. विचारणारा शेवटी "ठीक आहे" म्हणून खाली बसतो. पण बसताना शेजाऱ्याकडे असा पाहतो की, बघ, सोडलं नाही!

काट्यावर तर याहून कडक कारभार. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, आणि पावती खिशात. पावतीवरचा आकडा पुसट उमटला तर आपला माणूस ट्रॅक्टर बाजूला लावून पुन्हा काट्याच्या खिडकीशी जातो. मागे चाळीस गाड्यांची रांग भोंगे वाजवीत असली तरी त्याला त्याचे काही नाही. आम्हाला या हट्टाचा अभिमान आहे. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेची दप्तरे पाहण्याचा हक्क दिला आहे. तो कागदावर राहिला नाही, तो अशा हट्टी माणसांमुळेच.

हाच सभासद दर पाच वर्षांनी मतदान केंद्रात जाऊन आणखी एक पावती फाडून येतो. ती मोठी पावती. खासदार निवडायची. तिचा हिशोब मात्र तो पुढे कधी मागत नाही. का मागत नाही, असे आम्ही गटऑफिसच्या ओट्यावर बसलेल्या एका जुन्या सभासदांना विचारले. ते म्हणाले, "दिल्ली गंज लांब शे, भाऊ."

लांब खरीच. पण किती लांब, आणि तिथला हिशोब कोणत्या खिडकीवर मिळतो, हे मोजून पाहावे असे आम्हाला वाटायला एक निमित्त घडले.

गेल्या हंगामात तोडणी टोळ्यांच्या तळावर आम्ही फोटो घ्यायला गेलो होतो. धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून आलेला एक मुकादम आमच्याकडे आला. त्याच्या हातात आपल्याच मासिकाचा एक जुना अंक होता. भाकरी बांधून आणलेला असावा, कारण त्यावर तेलाचा डाग होता. त्याने एका फोटोवर बोट ठेवले. कुठल्याशा उद्घाटनाचा फोटो, मध्यभागी खासदार. "साहेब, तुमची यांची ओळख आहे. यांना सांगा, आमच्या पाड्याचा हापसा दोन वर्षांपासून कोरडा आहे. हापसा यांनीच दिला होता. आता फिरून बघत नाहीत. बाया खाली नाल्यात खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरतात."

आम्ही म्हणालो, "दादा, हापसा खासदारांनीच दिला हे कशावरून?"

तो म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात."

हा मुकादम आपला सभासद नाही. त्याच्या नावावर उसाचे एक टिपरू नाही. पण तुमचा ऊस तो तोडतो आणि तुमचा खासदार तोच त्याचाही खासदार. म्हणून आम्ही म्हटले, चला, या एका हापशाचा माग काढू.

माग काढण्याची कथा पुढे सांगतो. आधी आपल्या मतदारसंघाबद्दल थोडे, कारण नवीन सभासदांना जुनी गोष्ट ठाऊक नसते.

नंदुरबार हा लोकसभेचा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे आपल्या जिल्ह्यातले आणि साक्री, शिरपूर हे धुळे जिल्ह्यातले, असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. १९८१ च्या पोटनिवडणुकीत कै. माणिकराव गावीत इथून लोकसभेवर गेले आणि २००९ पर्यंत लागोपाठ नऊ वेळा निवडून आले. २००९ साली नव्या लोकसभेत सदस्यांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांचीच निवड झाली होती. २०१४ आणि २०१९ मध्ये डॉ. हीना गावीत, आणि २०२४ मध्ये ॲड. गोवाल पाडवी. तेहतीस वर्षे एक माणूस, मग दहा वर्षे दुसरा, मग तिसरा. पक्षही बदलला आणि पुन्हा बदलला. आम्हाला यांपैकी कोणाची बाजू घ्यायची नाही की कोणावर ठपका ठेवायचा नाही. मासिक सर्व पक्षांच्या सभासदांचे आहे, आणि संपादक मंडळातही तिन्ही बाजूंचे लोक बसतात (चहा मात्र एकाच किटलीतून घेतात). आमचे म्हणणे एवढेच की, या सगळ्या वर्षांत विश्वास दिला गेला, काढूनही घेतला गेला, पण दोन्ही वेळा हिशोबाचा कागद मध्ये आला नाही. निदान आम्ही तरी तो कधी मागितला नव्हता.

आता खासदार निधी. खासदार म्हटले की आपल्याकडे पहिली मागणी सभामंडपाची, दुसरी हायमास्ट दिव्याची. हे पैसे कुठून येतात? २३ डिसेंबर १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांनी लोकसभेत या योजनेची घोषणा केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये होते. पुढच्या वर्षी १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, योजना थांबवली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

यातला एक रुपयाही खासदाराच्या हातात येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. खासदार कामाची शिफारस करतो. ते काम नियमात बसते का, हे पाहून मंजुरी द्यायची आणि सरकारी यंत्रणेकडून ते करून घ्यायचे, ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. देवळा-मशिदीच्या आत काम चालत नाही, कोणाच्या खासगी फायद्याचे काम चालत नाही. कामाच्या जागी खासदाराचे नाव, खर्च आणि वर्ष लिहिलेला कायमचा फलक लावायचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून शिफारशीपासून बिलापर्यंतचा सारा व्यवहार संगणकावर होतो, आणि कोणत्या खासदाराने कोणते काम सुचवले ते घरबसल्या पाहता येते. महालेखापरीक्षकांनी या योजनेवर १९९८, २००१ आणि २०१०-११ च्या अहवालांत कडक ताशेरे ओढले होते. उभ्या राहिलेल्या मालमत्तेची नोंदवहीच अनेक ठिकाणी ठेवलेली नाही, हा त्यांतला एक. म्हणजे गाडी काट्यावरून गेली, ऊस गव्हाणीत पडला, आणि वजनाची नोंद नाही! आपल्याकडे असे झाले तर शेतकी अधिकाऱ्याला घरी जाता येईल का? असो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही योजना घटनेला धरून आहे असा निकाल दिला, तेव्हा ती आता राहणार.

पण मुळात हा पैसा किती? आपल्या मतदारसंघात मतदार वीस लाखांच्या घरात आहेत. पाच कोटींना वीस लाखांनी भागा. माणशी वर्षाला पंचवीस रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. त्या भावाने पंचवीस रुपये म्हणजे साधारण सात किलो ऊस. एका मोळीत याहून जास्त भरतो!

या सात किलोंभोवती आपले सगळे राजकारण फिरते. सभामंडप दिला तर खासदार चांगला, नाही दिला तर वाईट.

आता हापशाकडे वळू. मुकादमाच्या वतीने आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. आमच्या एका सहसंपादकांना एवढ्या थोडक्यात लिहायची सवय नाही, त्यामुळे चार कागद वाया गेले. अर्ज एका कार्यालयात दिला. त्यांनी तो दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला. कायद्याची तीस दिवसांची मुदत उलटली, पण उत्तर आले नाही. मग अपील. अपिलानंतर मात्र एक पानी उत्तर आले, सही-शिक्क्यासह, आणि ते वाचून आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो.

त्या पाड्यावरचा हापसा खासदार निधीतला नव्हताच. तो दुसऱ्याच एका योजनेतून बसवलेला होता. त्याच्या दुरुस्तीचा खासदाराशी काडीचाही संबंध नव्हता. दोन वर्षे सगळा पाडा चुकीच्या दारात उभा राहून शिव्या देत होता, आणि ज्यांच्या दारात जायला हवे होते ते निवांत होते.

आम्ही मुकादमाला कागद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे खासदाराचा दोष नाही?"

आम्ही म्हणालो, "हापशाचा नाही."

तो म्हणाला, "मग खासदाराचं आमच्या पाड्याला काय आलं, ते लिहिलंय का यात?"

तेही लिहिलेले होते. अर्जात जेवढ्या वर्षांची माहिती मागितली होती, तेवढ्या वर्षांत त्या पाड्यासाठी खासदार निधीतून एकही काम सुचवले गेले नव्हते. तो हसला. "म्हणजे जे दिलं नाही त्याबद्दल आम्ही आधी आभार मानले, मग शिव्या दिल्या."

आता इथे आम्हाला आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. मुकादमाने ज्या फोटोवर बोट ठेवले होते, त्याखाली आम्हीच छापले होते, 'मा. खासदारांच्या प्रयत्नाने मंजूर झालेल्या कामाचे उद्घाटन'. ते काम कोणत्या निधीतले, शिफारस कोणाची, खर्च किती, यातले काहीही आम्ही पाहिले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेवर होते ते उतरवले. अशाच ओळी छापून छापून 'सगळे तसंच म्हणतात' तयार होते. यापुढे कामाच्या फोटोखाली निधीचे नाव आणि रक्कम असल्याशिवाय फोटो छापायचा नाही, असे संपादक मंडळाने ठरवले आहे. पाहुणे मंडळींनी राग मानू नये.

सात किलोंचे एवढे पुराण झाले. पण टनातले बाकीचे ९९३ किलो कुठे आहेत? ते दिल्लीतच आहेत. खासदाराचे मुख्य काम सभामंडप वाटणे हे नाहीच. कायदे करणे, सरकारला प्रश्न विचारणे आणि केंद्राच्या पैशाने जिल्ह्यात जे चालते त्यावर नजर ठेवणे, हे त्याचे काम. तुमच्या-आमच्या उसाशी या गोष्टीचा किती जवळचा संबंध आहे ते एका उदाहरणाने सांगतो.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली. हंगाम ऐन भरात होता. राज्यभर कारखान्यांनी डिस्टिलरीसाठी बँकांची कर्जे काढलेली. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, बंदी थोडी सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून दिली. पूर्ण मोकळीक मिळाली ती २०२४ च्या ऑगस्टअखेरीस. आता लक्षात घ्या, तो आदेश निघाला तेव्हा संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या लोकसभा खासदारांना त्याच आठवड्यात सभागृहात उभे राहायची जागा उपलब्ध होती. कोण उठले, कोण काय बोलले, हे आपण पाहिले का? आम्ही नाही पाहिले. आम्ही वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून हळहळलो आणि गप्प बसलो. एफआरपी ठरवणे, साखरेचा किमान विक्री दर ठरवणे (तो २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला), निर्यातीचा कोटा, सहकारी कारखान्यांवरचा आयकराचा जुना बोजा, हे सगळे दिल्लीच्या टेबलावरचे विषय. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्या आयकराबाबत सुमारे १० हजार कोटींची सवलत जाहीर झाली, तीही दिल्लीतच. यातला एकेक निर्णय सभामंडपाच्या कितीपट आहे याचे गणित ज्याने त्याने आपल्या बिलाच्या पावतीवर करून पाहावे.

खासदाराने सभागृहात काय केले याची पावती मिळते का? मिळते, आणि तीही फुकट. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि ज्यांवर उपप्रश्न विचारता येतो. शिवाय २३० अतारांकित, ज्यांची उत्तरे लेखी येतात. प्रत्येक प्रश्नाखाली विचारणाऱ्याचे नाव असते. प्रश्न आणि उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. भाषणांचे इतिवृत्त असते. हजेरीची नोंद असते, कारण हजेरीवर दैनिक भत्ता मिळतो. (मंत्र्यांना मात्र ही सही करावी लागत नाही, म्हणून मंत्री असलेल्या खासदाराची हजेरी शोधायला जाऊ नका, कोरी दिसेल.) आपल्या घरात कॉलेजला जाणारे पोर असेल तर त्याला सांगा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुष्कळ कायदे आवाजी मतदानाने होतात. 'हो'वाले जोरात ओरडले की झाले. कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावनिशीवार नोंद त्यात राहत नाही. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप निघाला की सदस्याला त्याविरुद्ध जाता येत नाही, गेला तर सदस्यत्व जाऊ शकते. तेव्हा कायद्याच्या बाबतीत खासदार म्हणेल, "पक्षाचा आदेश होता", आणि ते पुष्कळदा खरे असेल. प्रश्नाला मात्र व्हिप नसतो. कोणता प्रश्न विचारायचा हे खासदार स्वतः ठरवतो. म्हणून आमच्या मते खासदाराला जोखायचे असेल तर त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून जोखावे. नुसती संख्या बघू नये. शंभर प्रश्न असतील आणि त्यात सातपुड्याचा एकही नसेल, तर ते शंभर आपल्या काय कामाचे?

प्रश्नाची किंमत आपल्याला कळली नाही, पण दुसऱ्यांना कळली होती. डिसेंबर २००५ मध्ये एका वृत्तवाहिनीने लपवलेल्या कॅमेऱ्यावर टिपलेली दृश्ये दाखवली. खासदार पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारायला तयार झाले होते. प्रश्न देणारी संघटना खोटी होती, प्रश्न मात्र खरेच सभागृहाच्या कार्यालयात दाखल झाले. चौकशी समिती बसली आणि २३ डिसेंबर २००५ रोजी एकाच दिवशी लोकसभेच्या १० व राज्यसभेच्या एका सदस्याला काढून टाकण्यात आले. त्या दहांपैकी दोन आपल्या खान्देशातले होते, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल आणि जळगाव मतदारसंघांचे. त्यांच्या पक्षाने शिक्षा फार कडक आहे म्हणून सभात्याग केला होता. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००७ मध्ये न्यायालयाने संसदेचा निर्णय कायम ठेवला.

हे काही पहिले नव्हते. १९५१ साली हंगामी संसदेत एच. जी. मुदगल नावाच्या सदस्याने मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचे काम सभागृहात पुढे रेटल्याचे उघड झाले. तेव्हा खुद्द पंडित नेहरूंनी त्यांना काढण्याचा ठराव मांडला होता. ते काँग्रेसचेच होते. ठराव संमत होण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला.

आम्हाला या प्रकरणात लाचेपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. जो प्रश्न विकत घ्यायला कोणीतरी नोटांचे पुडके घेऊन दिल्लीत फिरत होते, तो आपल्याला एका पत्रावर फुकट मागता येतो, आणि आपण मागतो काय? हायमास्ट.

आता जिल्ह्यातल्या नजरेबद्दल. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्यात विकास समन्वय व संनियंत्रण समिती आहे. तिला 'दिशा' म्हणतात. तिचे अध्यक्ष खासदार. दर तीन महिन्यांनी बैठक घ्यायची आणि घरकुल, ग्रामसडक, पाणीपुरवठा अशा केंद्राच्या योजनांचा आढावा घ्यायचा. नंदुरबार हा २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, म्हणजे इथे दिल्लीचे लक्ष जास्त असायला हवे. या समितीच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्तात काय लिहिले, हे पुन्हा त्याच दहा रुपयांच्या स्टॅम्पवर मागता येते. मुकादमाच्या हापशासारखी गोष्ट निघायची खरी जागा ही. हापसा कोणत्याही निधीतला असो, पाड्यावर पाणी नाही हे तिथे टेबलावर यायला हवे.

डोंगरातल्या गावांना तर आणखी एक हत्यार आहे. पेसा कायदा, १९९६ चा. अक्राणी आणि अक्कलकुवा हे पूर्ण अनुसूचित क्षेत्र. पंचायतीने ज्या योजनांवर पैसा खर्च केला, तो खरोखर त्याच कामावर गेला, असा दाखला ग्रामसभेने द्यायचा असतो. सरपंचाने नव्हे, ग्रामसेवकाने नव्हे. गावच्या माणसांनी बसून. आम्ही मुकादमाला विचारले, असा दाखला तुमच्या ग्रामसभेने कधी दिला? तो म्हणाला, "आम्ही तेव्हा तुमच्याकडे ऊस तोडत असतो." या उत्तरावर आम्हाला काही बोलता आले नाही. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, होळीला परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्यावाचूनच होते. कारखान्याने त्या दिवसापुरती टोळ्यांना गावी जायची गाडी द्यावी, अशी सूचना आम्ही संचालक मंडळाकडे लेखी दिली आहे.

निवडणुकीच्या वेळचे कागद थोडक्यात सांगतो. २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि ते सर्वांना खुले असते. निवडून आल्यावर शपथ घेतल्यापासून नव्वद दिवसांत लोकसभा अध्यक्षांकडे मालमत्तेची घोषणा करायची असते. पण ते रजिस्टर अध्यक्षांच्या परवानगीवाचून बाहेर मिळत नाही. हे आम्हाला पटत नाही. निवडून येण्याआधी उघडे आणि निवडून आल्यावर झाकलेले, असे का? प्रचाराच्या खर्चाचा हिशोब निकालानंतर तीस दिवसांत द्यावा लागतो. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा होती. हा हिशोब कोणालाही जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जाऊन पाहता येतो, आणि १९६१ च्या नियमांत त्याची फी लिहिली आहे एक रुपया. गाड्या किती, मांडव किती, चहा किती. आपल्या सभेत किरकोळ खर्चावर पाऊण तास घालवणाऱ्या सभासदांना आम्ही आग्रहाने विनंती करतो की, एकदा एक रुपया खर्च करून हा हिशोब वाचाच. तुमच्या तोडीचे वाचन आहे.

राहता राहिली गोष्ट सर्वसाधारण सभेची. कारखान्याची सभा दरवर्षी कायद्याने घ्यावीच लागते. खासदाराची नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या घरभत्त्याची बिले बाहेर आली आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर २०१५ मध्ये त्यांनी कायदा केला की, ठरावीक गैरवर्तन सिद्ध झाले आणि मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सही केली तर खासदाराची जागा रिकामी होते. आपल्याकडे असे काही नाही. पाच वर्षे मधे कोणी विचारणारा नाही. दुसऱ्या बाजूने पाहा. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान स्वतः आले होते. सरकारकडे आपला हिशोब बोटाच्या ठशासकट आहे.

म्हणून संपादक मंडळाने एक छोटे काम अंगावर घेतले आहे. आपल्या भागाच्या खासदारांना दरवर्षी गळीत हंगाम संपला की एक पत्र जाईल. त्यात चारच गोष्टी विचारायच्या. वर्षभरात ऊस, पाणी आणि सातपुड्यातील गावे यांवर कोणते प्रश्न विचारले. 'दिशा'च्या किती बैठका घेतल्या. निधीतून कोणत्या गावाला कोणती कामे सुचवली. आणि सुचवलेल्यांपैकी किती पूर्ण झाली. खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, पत्र तेच राहील. उत्तर जसे येईल तसे, एक शब्दही न बदलता छापू. पहिले पत्र या महिन्यात टपालात पडेल.

मुकादमाचा हापसा अजून कोरडाच आहे. ज्या कार्यालयाकडे त्याची दुरुस्ती येते, तिकडे आता दुसरा अर्ज गेला आहे. हा त्याने स्वतः लिहवून घेतला, अंगठ्याऐवजी सही केली आणि पोच मागून घेतली. परत येताना ती पोच त्याने टोळीच्या हिशोबाच्या वहीत, काट्याच्या पावत्यांबरोबर लावली. आम्ही विचारले, "तिथं का?"

तो म्हणाला, "हंगाम संपला की सगळ्याचा हिशोब एकदमच बघायचा असतो ना, साहेब."